संध्याकाळचे बाबा

रस्त्यावर डांबर उकळताना दिसलं की मी थांबतो. आमच्या चिंगी कुत्रीच्या नाकाला हा वास कसा वाटला असेल, याचा विचार करत राहतो.

मी लहान होतो तेव्हा भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता आणि बाबा कोक ओव्हनवर, म्हणजे दगडी कोळसा भाजताना डांबर निघतं त्या भट्टीवर, कामाला होते. बदली झालेल्या एका साहेबांनी दिलेली ही मांजराएवढी टेरियर कुत्री सकाळी बाबांचे पाय चाटायची आणि संध्याकाळी त्यांच्यावरच तुटून पडायची. तिला वळण लागावं म्हणून मी तिला लाकडी पट्टीनं मारायचो.

एकदा तिनं बाबांची पॅन्ट फाडली.

"मले चोर समजते काय? उद्याच देऊन टाकतो हिले!" बाबा ओरडले.

आईला हसू आलं. "अवो, डांबराचा वास घेऊन येता तुमी. सकाळचा माणूस अन् संध्याकाळचा, तिले दोन वाटून राहिले."

आईनं बाबांचा कामावरचा न धुतलेला शर्ट चिंगीच्या पोत्यावर अंथरला.

दुसऱ्या संध्याकाळी चिंगी गुरगुरत दाराशी गेली, बाबांचे बूट हुंगले आणि शेपूट हलवू लागली. आनंदानं तिला कुरवाळायला मी हात उचलला, तर ती जमिनीला चिकटून बसली.

बाबांना ओळखायला ती एका दिवसात शिकली. माझा हात तिला आधीच ओळखीचा होता.