दाताचा च आणि टाळूचा च

"पुन्हा म्हण बरं," असं म्हणून बाई उजवा कान पुढं करायच्या. मग आपण उच्चारलेला शब्द त्या तोंडातल्या तोंडात म्हणून बघायच्या. आवाज नाही, फक्त ओठ आणि जबडा हलायचा, लिमलेटची गोळी घोळवावी तसा. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, अशा माणसापुढं साधं 'येते हं' म्हणायचीही धास्ती वाटते.

नाशिकच्या उपनगर भागातल्या आमच्या कॉलनीत त्या तळमजल्यावर एकट्या राहायच्या. नाशिकरोडच्या एका शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं मराठी शिकवलं. नोकरीत असतानाच डोळे गेले, तेही एकदम नाही, कडेकडेनं. आधी वर्गातल्या भिंतीकडच्या रांगा दिसेनाशा झाल्या, मग मधल्या, आणि शेवटी समोर फक्त उजेड आणि सावली उरली. त्या हे सांगताना हसायच्या. "पहिल्या बाकावरची पोरं मात्र शेवटपर्यंत सुटली नाहीत," म्हणायच्या.

मी घरी बसून कंपनीचं काम करणारी. दिवसभर कॉम्प्युटरपुढं असते, एवढंच कॉलनीला माहीत. त्या भांडवलावर आईनं परस्पर सांगून टाकलं, की बाईंचा लॅपटॉप बिघडलाय तर आमची मुलगी बघेल. मी गेले. लॅपटॉप ठणठणीत होता. पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यावर होतं, आणि त्याच्याच जिवावर बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुस्तकं ऐकायच्या. दुसरं वाचन त्यांना उरलंच नव्हतं.

"मग बिघडलंय काय?" मी विचारलं.

"ऐक." त्यांनी एक कळ दाबली. यंत्र म्हणालं, 'गाईला चारा घातला.' पण चारा कसा, तर 'चार वाजले'मधल्या चार-सारखा. पुढं चूल, चटका, चोर, सगळे तसेच. परप्रांतातला पाहुणा आपल्याकडं जेवायला बसून मराठी पेपर वाचतोय, असं वाटलं.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "कळतंय की अर्थ."

"तुला एका पानापुरतं कळतंय. मी पूर्ण कादंबरी ऐकते. शंभर पानं झाली की दात शिवशिवतात."

आपल्या भाषेत च दोन आहेत आणि लिहायचं अक्षर एकच, हे मला तोवर जाणवलंच नव्हतं. तुम्हीही आता बसल्या जागी म्हणून बघा: चार, चारा. पहिल्याला जीभ टाळूला लागते, दुसऱ्याला दातांमागं. ज आणि झ यांचंही तेच. आपण हे आईच्या मांडीवर शिकतो आणि विसरून जातो. यंत्राला आई नसते.

मी त्यांना सांगितलं, की हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि मुख्य म्हणजे उघडं आहे. त्याच्या पोटात काय लिहिलंय ते कुणीही वाचू शकतं, सुधारून पाठवू शकतं, आणि सुधारणा पटली तर ती जगभर सगळ्यांना मिळते.

बाईंची जिज्ञासा चाळवली. "कुणीही म्हणजे? विचारावं नाही लागत?"

"नाही."

"सार्वजनिक विहिरीसारखं? कुणीही पोहरा सोडावा?"

"तसंच."

"खरोखरची सार्वजनिक ना? नाहीतर पाटी एक आणि रीत दुसरी, असं आमच्या आजीनं पुष्कळ बघितलंय."

खरोखरचीच, मी म्हटलं. त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला. मग म्हणाल्या, "मग आपण त्यात काहीतरी चांगलं घालू."

अशी आमची शाळा सुरू झाली. हे सॉफ्टवेअर सांभाळणारा गृहस्थ कुठल्याशा थंड देशात राहतो. त्याला आधी पटवायचं होतं, की हा दोष आहे. बाई सांगायच्या, मी इंग्रजीत लिहायची. "त्याला सांग, चमचा एक असला तर शेवटचा च दाताचा, दोन चमचे झाले की टाळूचा." मी तसंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याचं नम्र उत्तर आलं: तीन चमचे असतील तर काय करायचं? बाई इतक्या हसल्या, की ठसका लागला. पुढं कितीतरी दिवस चहा करताना त्या साखरेच्या डब्याशी उभ्या राहून विचारायच्या, "तीन चमचे घालू की साहेबांना विचारून घालू?"

मग मी नियम लिहिला. पुढं इ, ए किंवा य आला तर टाळूचा, नाहीतर दाताचा. वाटलं, संपलं काम. नवा आवाज बाईंच्या लॅपटॉपवर चढवला आणि ऐटीत बसले. यंत्रानं पहिल्याच वाक्यात चहाचा त्सहा केला.

"हा चहा काही मला पिववायचा नाही," बाई म्हणाल्या.

पण खरी पंचाईत सकाळी झाली. नातेवाइकांचे, जुन्या विद्यार्थ्यांचे मेसेज बाई लॅपटॉपवरच ऐकत. जवळपास प्रत्येकाची सुरुवात 'जय भीम'नं. माझ्या नियमानं त्यातला ज दाताला नेऊन बसवला होता, 'जरा सरका'मधल्या जसारखा. बाईंनी मला बोलावून ते सगळे मेसेज एकापाठोपाठ ऐकवले. रागावल्या नाहीत.

"अगं, दारातून येणारा माणूस हेच म्हणत घरात येतो," एवढंच म्हणाल्या. "त्याचं तोंड वाकडं करून कसं चालेल?"

मी त्याच दिवशी दुरुस्ती केली. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द टाळूचे: जय, जन्म, चंद्र, वचन. एक ओळ लिहून सगळे एका दावणीला बांधले. उरलेल्या मराठी शब्दांचं मात्र एकेक करूनच बघायला हवं होतं, आणि त्यासाठी बाईंनी अख्खी कॉलनी कामाला लावली. कुरिअरवाला, रिक्षावाला, शेजारची सून, कुणी सुटलं नाही. मखमलाबादकडून येणाऱ्या दूधवाल्यावर तर त्यांचा विशेष लोभ.

"चारा म्हण बरं."

"चारा."

"आता चार."

"चार. बाई, कालबी हेच इचारलं तुम्ही. माझ्या बोलण्यात काय खोट हाय का?"

"नाही रे. पुन्हा म्हण बरं."

तो बिचारा दुधाची किटली हातात धरून चार आणि चारा म्हणत उभा राहायचा. मला वाटायचं, काय ही चिकाटी. शिक्षकाचा पिंड, दुसरं काय. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

एका दुपारी मी सुधारलेला आवाज घेऊन गेले. चार, चारा, चार, चारा. यंत्र आता अगदी आपल्यातलं बोलत होतं. बाई म्हणाल्या, पुन्हा. मी पुन्हा लावलं. पुन्हा. कान लॅपटॉपला टेकवून, पुन्हा. माझी कंपनीची मीटिंग खोळंबली होती.

"बाई, बरोबर आहे आता. शेंबडं पोरही सांगेल."

त्यांनी कान उचलला आणि सरळ बसल्या. "मग शेंबडं पोरच आण," त्या शांतपणे म्हणाल्या. "मला दोन्ही एकच ऐकू येतायत."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. ज्या दुखण्यानं डोळे नेले, तेच काहीजणांचे कानही नेतं, हे डॉक्टरांनी पूर्वीच बोलून ठेवलं होतं. कान एकदम जात नाहीत. बारीक, धारदार आवाज आधी जातात. स जातो, च जातो, ज जातो. जाड आवाज मागं राहतात.

"सुरुवातीला यंत्र चुकायचं ते मला स्वच्छ ऐकू यायचं," त्या म्हणाल्या. "नंतर नंतर दूधवाला चुकायला लागला. आता सांग, दूधवाला चारा चुकीचा म्हणेल का? त्याच्या गोठ्यात चारा रोज पडलेला असतो. तेव्हा म्हटलं, तपासून बघावं चुकतंय कोण."

म्हणजे इतके दिवस त्या दूधवाल्याचा उच्चार नव्हे, दुसरंच काही तपासून घेत होत्या. स्वतःचा कान. मी मूर्खासारखं विचारलं, "मग काम थांबवायचं का?"

"का? कान जातायत. जीभ कुठं जातेय?"

आणि त्यांनी तोच ओठ हलवण्याचा प्रकार करून दाखवला. चटका. जबडा हलला. "दाताला." चंदन. "टाळूला." ऐकायची गरजच नव्हती. जीभ जिथं टेकली ते खरं. तेव्हा मला उमगलं, की लिमलेटच्या गोळीसारखं ते घोळवणं ही लकब नव्हती. कानावर भिस्त उरणार नाही हे धरून त्या जिभेला आधीपासून तयार करत होत्या.

पुढचे काही महिने आम्ही तसंच काम केलं. मी उजव्या कानाशी शब्द म्हणायची, त्या अर्थावरून शब्द ओळखायच्या, तोंडात घोळवायच्या आणि निकाल द्यायच्या. कधी शब्द भलताच ऐकू यायचा आणि आम्ही भलत्याच शब्दावर भांडायचो. "लवकर कर," एवढंच त्या अधूनमधून म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, "मला पुढं ऐकू येवो न येवो. पण हरसूलकडच्या पाड्यावरच्या एखाद्या आंधळ्या पोरीनं पहिलं पुस्तक ऐकलं, तर तिला ते तिच्या भाषेत ऐकू यावं. पाहुण्याच्या नव्हे."

आवाज पूर्ण झाला, थंड देशातल्या गृहस्थानं तो स्वीकारला आणि सगळ्यांसाठी खुला केला. तोवर बाईंची धाकटी बहीण येऊन त्यांना पिंपळगाव बसवंतला घेऊन गेली होती. त्यांच्या दारावर कुलूप आलं. दूधवाला काही दिवस सवयीनं तिथं थांबायचा. एकदा त्यानं मलाच विचारलं, "बाईंचं ते चार-चारा झालं का मग?"

झालं, मी म्हटलं, आणि त्या रविवारी पिंपळगावला गेले.

बहिणीचं घर हायवेलगत. कांद्याचे टेम्पो सारखे दणदणत जातात. बाई ओसरीवर बसल्या होत्या. "हे टेम्पो अजून पहिल्यासारखे ऐकू येतात," त्यांनी कौतुकानं सांगितलं. बोटांनी ब्रेल वाचायला त्या शिकत होत्या. फार हळू जमतंय म्हणाल्या, पहिलीतल्या पोरासारखं. मी कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोलायची, काही पोचायचं, काही नाही.

"आता आपला आवाज लाव," त्या म्हणाल्या. "काहीतरी शाळेतलं लाव."

मी विद्यार्थ्यांचा छळ करणारा तो सनातन निबंध शोधला: वाचनाचे महत्त्व. बाईंनी तळहात लॅपटॉपवर ठेवला, आवाजाची थरथर जाणवावी म्हणून. यंत्र वाचू लागलं. चारही दिशा, चूल, जग, जन्म, सगळं जागच्या जागी. आणि 'वाचन' मात्र टाळूला. वचन-मधल्या चसारखं. संस्कृत शब्दांसाठीच्या माझ्या त्या एका ओळीनं वचनाबरोबर वाचनही त्याच दावणीला बांधलं होतं, आणि इतक्या महिन्यांत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. निबंधात तर तो शब्द पावलोपावली.

निबंध संपला. बाईंनी उजवा कान पुढं केला. "कसं वाचतंय?"

छान, म्हणून मोकळं होता आलं असतं. त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की शब्द ओठांवर आलाही होता. पण त्या तशाच कान पुढं करून थांबल्या होत्या, आणि त्या कानात आता जे काही जायचं ते माझ्यामार्फतच जायचं होतं.

"बाई, एक शब्द चुकतोय."

मला वाटलं, चेहरा पडेल. तो उजळला. त्या सावरून बसल्या, पदर खोचला. "कुठला?"

"वाचन."

"पुन्हा म्हण बरं."

मी पुन्हा म्हटलं, कानाला ओठ टेकवून. त्यांचे ओठ हलले, जबडा हलला, एकदा, दोनदा. बाहेरून कांद्याचा टेम्पो गेला. मग त्या मोठ्यानं बोलल्या, स्वतःला ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा, गरजेपेक्षा मोठ्यानं.

"वाचन," बाई म्हणाल्या. "दाताला."

च अगदी चोख आला होता. ओसरीवर तो फक्त मला ऐकू आला.