हरवलेल्या मुलांचा तंबू

आमच्या वीरबाला पथकाला गावात कुणी फारसं मनावर घेत नसे. कल्याणच्या आमच्या मुलींच्या शाळेत दर शनिवारी शाळा सुटली की आम्ही निळे फ्रॉक, गळ्यात रुमाल आणि कमरेला दोर अशा थाटात पटांगणात जमायचो, आणि कुंपणापलीकडून टारगट पोरं ‘पोलीस आली, पोलीस आली’ म्हणून ओरडायची. आम्ही गाठी मारायला शिकायचो, मोडलेला हात झोळीत बांधायला शिकायचो. दोन काठ्या आणि एक घोंगडी घेऊन स्ट्रेचर करायचो आणि पथकातल्या सगळ्यात जाड मुलीला त्यावर निजवून पटांगणाला फेऱ्या मारायचो. रविवारी कधी तळ्याकाठची झाडलोट, कधी स्टेशनाजवळच्या वस्तीत देवीची लस टोचायला आलेल्या डॉक्टरांच्या हाताखालचं काम. लस टोचताना मुलं आम्हाला चावायची.

मला हे सगळं जीव की प्राण होतं. घरी मी भावंडांत मधली, माझं कुणी ऐकत नसे. इथे माझ्या हाताखाली एक आख्खी टोळी होती. वडील रेल्वेत कारकून. त्यांनी परवानगी दिली ती माझ्या नाकावरचा राग शिस्तीने जरा उतरेल या आशेने. राग काही उतरला नाही, आजही उतरलेला नाही.

पथक चालवायच्या आमच्या भूगोलाच्या बाई. पांढरं पातळ, करडा आवाज, आणि नियमांच्या बाबतीत कसली म्हणून सूट नाही. त्यातही शब्द पाळायचा नियम त्यांचा फार लाडका. वीरबालेने तीन बोटं वर करून शब्द दिला की तो दिला. एका मुलीने दोर आणते म्हणून सांगितलं आणि विसरली, तर बाईंनी तिला सबंध शनिवार बाकावर बसवून ठेवली होती. आम्ही बाईंना घाबरायचो आणि त्यांच्यावर जीवही टाकायचो.

मी नववीत असताना अंबरनाथच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत आमच्या पथकाला सेवेचं काम मिळालं. ठाण्याहूनही एक पथक आलं होतं. त्यांच्याकडे पिण्याच्या पाण्याची पिंपं, आमच्याकडे दर्शनाची रांग आणि हरवलेल्या मुलांचा तंबू. तंबू माझ्या वाट्याला आला. मी हुरळून गेले. तंबू कसला, चार बांबूंवर ताणलेली ताडपत्री आणि खाली एक मोठी चटई. शेजारीच पाण्याची पिंपं, आणि समोर झाडाला टांगलेला कर्ण्यासारखा भोंगा.

सकाळपासून मुलं यायला लागली. ती भोकाड पसरायची, आम्ही त्यांना बत्तासे द्यायचो, भोंग्यावरून नाव पुकारायचो. मग एखादी आई धापा टाकत यायची, पोराच्या पाठीत एक धपाटा घालायची आणि लगेच त्याला पोटाशी धरून रडायची. प्रत्येक वेळी हेच, आणि प्रत्येक वेळी मला हसू यायचं.

या गडबडीत ती मुलगी चटईच्या कडेला येऊन बसलेली होती. तिला कुणी आणली ते कळेना. मला वाटलं दुसऱ्या कुणीतरी आणली, दुसरीला वाटलं मी आणली. असेल तीनेक वर्षांची. विटका लाल परकर आणि वर बाईमाणसाचं झंपर, बाह्या कोपराच्या खाली लोंबणारं. विशेष हे की ती रडत नव्हती. नाव विचारलं, गप्प. आई कुठे म्हणून विचारलं, गप्प. मी पुन्हापुन्हा विचारायला लागले तशी तिने दोन्ही हातांनी तोंडच झाकून घेतलं. ‘मुकी असेल गं,’ पथकातली एक म्हणाली.

माझ्या डब्यात उपासाची उकडलेली रताळी होती. एक फोड तिच्या हातात दिली. ती तिने खाल्ली म्हणणं बरोबर नाही, ती फोड दिसेनाशी झाली. दुसरी दिली, तीही गेली. तिसऱ्या फोडीला मात्र तिने निम्मी खाल्ली आणि निम्मी परकराच्या ओच्यात बांधून ठेवली. त्यानंतर प्रत्येक फोडीचं तेच. मला वाटलं, नंतर खायला ठेवते आहे.

ऊन चढलं, दुसरी मुलं आली आणि गेली, हिला कुणी विचारायला येईना. तिची नजर सारखी वाटेकडे. मला बघवेना. मी तिच्यापुढे बसले, करंगळी अंगठ्याखाली दाबून तीन बोटं वर केली आणि म्हटलं, ‘हे बघ, हा वीरबालेचा शब्द. तुझी आई येणार.’ तिने माझ्या बोटांकडे टक लावून बघितलं. मग तशीच बोटं करायला बघू लागली. करंगळी काही केल्या खाली राहीना, तेव्हा दुसऱ्या हाताने ती दाबून धरली आणि तीन बोटं माझ्यापुढे नाचवली. त्या दिवसभरात ती पहिल्यांदा हसली. पुढे दर थोड्या वेळाने ती मला बोटं दाखवायची. मी उलट दाखवली की तिचं समाधान व्हायचं आणि ती पुन्हा वाटेकडे बघायला लागायची.

मी भोंगेवाल्याच्या मागे लागून त्याला घसा फोडायला लावला. ‘लाल परकर घातलेली, मोठ्या बाह्यांचं झंपर घातलेली मुलगी...’ त्या माणसाने वैतागून शेवटी मलाच बोलायला लावलं. मी ओरडून ओरडून दमले. सगळी जत्रा ऐकत होती आणि एक आई तेवढी ऐकत नव्हती. कसली आई असेल ही, असं माझ्या मनात येऊ लागलं.

पाण्याच्या पिंपाशी एक बाई आली होती. कडेवर तान्हं मूल, पायांवर लाल मातीची पुटं. ओंजळीने पाणी प्यायली आणि जाता जाता मला म्हणाली, ‘पोरान्ला खायला देता का वो हितं?’

‘देतो की,’ मी म्हटलं.

‘चांगलं हाय,’ म्हणाली आणि गेली.

दुपारी ती पुन्हा पाण्याला आली. ‘आन् न्यायला कुनीच न्हाई आलं तर?’

मला वाटलं, काय भोचक बाई आहे! पण अंगावर गणवेश होता, मी छाती पुढे काढून सांगितलं, ‘आम्ही आहोत ना!’

ती निघून गेली. तेव्हा ती पोर मान खाली घालून चटईची काडी उपसत बसली होती.

उन्हं कलली तसा हवालदार तंबूत डोकावला. दिवेलागणीच्या आत उरलेलं पोर चौकीवर द्यायचं, असं ठरलेलं होतं. चौकीवरून मग मुंबईला, अनाथ मुलांच्या आश्रमात. उरलेलं पोर म्हणजे ही एकच. मी बाईंचा हात धरला. म्हटलं, ‘बाई, मी तिला घरी नेते. आईला मी समजावीन.’

‘अगं, मांजराचं पिल्लू आहे का ते?’ बाई म्हणाल्या. ‘तुमच्या दोन खोल्यांत तुम्हालाच जागा नाही.’

‘पण मी शब्द दिलाय तिला!’

बाई हळू म्हणाल्या, ‘मग शोध तिच्या आईला.’

कुठे शोधू? हजारो माणसं परतीच्या वाटेला लागलेली. आणि तेवढ्यात मुलीने बोटं वर केली. करंगळी दुसऱ्या हाताने दाबून, चांगली डोक्यावर हात नेऊन. पण माझ्याकडे बघून नव्हे. ती बघत होती पाण्याच्या पिंपाकडे. तिथे तीच बाई उभी होती, आणि या खेपेला ती पाणी पीत नव्हती.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मला उठताना बघून ती बाई वळली आणि भराभर चालू लागली. मी धावले. बैलगाड्या सोडल्या होत्या तिथे तिला गाठली आणि सरळ तिचा पदर धरला.

‘अहो, तुमची मुलगी आमच्या तंबूत आहे!’

‘माजी न्हाई ती.’

‘ती तुम्हाला बघून खूण करते आहे!’

‘पोर हाय. कुनाला बी करंल.’

कडेवरचं मूल रडायला लागलं. तिने त्याला थोपटलं, इकडेतिकडे बघितलं, आणि गाडीच्या चाकाला टेकून मटकन खाली बसली.

‘हालू नगं म्हनून बजावलं व्हतं तिला,’ ती म्हणाली. ‘बोलू नगं, मला हाक मारू नगं. शानी हाय माजी. बसली का न्हाई गप?’

दिवसभर आम्ही जिला मुकी समजत होतो, ती आईला कबूल केलेलं पाळत बसली होती. माझ्या हातातून पदर सुटला.

‘सोड ताई मला. मालक गेले औंदा. ईटभट्टीवर ह्या तान्ह्याला घिऊन कसंबसं ऱ्हाऊ देत्यात, दोन पोरं न्हाई चालत मुकादमाला. तिला काय घालू रोज? तुमी चांगल्या घरच्या पोरी. लावाल कुटं तरी. जेवंल तरी.’

‘पण मी तिला शब्द दिलाय, आई येणार म्हणून!’

‘मंग आले न्हवं का?’ ती म्हणाली. ‘सकाळधरनं तीनदा आले. बगून गेले. खात व्हती.’

उत्तर सापडलं नाही की माझा आवाज चढतो. आई असून पोर टाकता, लाज वाटत नाही, असं काहीबाही मी ओरडत सुटले. माणसं जमली. हातात बेलाची पानं घेतलेला एक टोपीवाला गृहस्थ म्हणाला, ‘अशा बायकांना चाबकाने फोडलं पाहिजे.’ ती बाई त्याच्याकडे बघत उठली, तान्ह्याला सावरलं आणि मुकाट माझ्यापुढे चालू लागली. तिला माझं पटलं वगैरे काही नव्हतं. चार माणसांत तिला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, एवढंच.

तंबूत मुलगी अजून तिथेच बसलेली. आई अगदी समोर येऊन उभी राहिली तरी जागची हलली नाही. तिने आईकडे वर बघितलं आणि अगदी हळू विचारलं, ‘आय, आता बोलू?’

आईने मान हलवली. मग मात्र ती आईच्या पायांना मिठी मारून अशी काही रडली की पाण्याच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. रडता रडताच तिने ओचा सोडला आणि रताळ्याचे ते अर्धे अर्धे तुकडे आईपुढे धरले. आईने आमच्याकडे पाठ केली. तिचा फक्त जबडा हलताना दिसत होता. साल न काढताच तिने ते सगळे खाल्ले.

बाईंचे डोळे भरून आले होते. पथकाचा रिवाज होता, चांगलं काम झालं की सगळ्यांनी तालात शाबासकीची टाळी वाजवायची. बाईंनी खूण केली आणि मुलींनी टाळी वाजवली. ती बाई कावरीबावरी होऊन बघत राहिली. तिला वाटलं असेल, आपली चेष्टा चालली आहे.

‘बाई, तिच्यासाठी काहीतरी करा ना,’ मी म्हटलं. ‘ती पुन्हा उपाशी राहील हो.’ बाईंनी उरलेले बत्तासे आणि शेंगदाणे कागदात बांधून दिले. मी तरी हटेना, तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘अगं, आपण मूल शोधून देतो. पुढचं आपल्या हातात नसतं.’ मला त्यांचा इतका राग आला की मी परत येताना त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. पण करायचं काय होतं, ते मलाही सांगता आलं नसतं. ती मुलगी आईचं बोट धरून गर्दीत शिरताना मागे वळली, आणि आईचा हात सोडून, दोन्ही हात लावून मला तीन बोटं दाखवली. मीही दाखवली. न दाखवून कसं चाललं असतं?

सोमवारी शाळेच्या प्रार्थनेनंतर बाईंनी माझं कौतुक केलं. शब्द कसा पाळावा याचं उदाहरण म्हणून माझी गोष्ट सगळ्या शाळेला सांगितली. मी वर बघितलं नाही. घरी आई म्हणाली, बरं झालं गं, लेकराला आई मिळाली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुढच्या शिवरात्रीला मी हट्टाने पुन्हा तोच तंबू मागून घेतला. आईच्या मागे लागून जास्तीची रताळी उकडून घेतली. सकाळपासून पाण्याच्या पिंपाकडे डोळे लावून बसले. ती बाई पुन्हा आली आणि मुलीला चटईवर बसवून निघून गेली, तर या खेपेला तिच्यामागे धावायचं नाही, असं मी पक्कं ठरवलं होतं. ती यावी म्हणून मी शंकराला नवसही बोलले होते. त्या वर्षी तंबूत आलेलं प्रत्येक मूल दुपार टळायच्या आत आपापल्या आईबापांबरोबर घरी गेलं. बाई फार खूश होत्या.