एकोणीस वर्षं हरलेला लाटसाहेब

सोसाया वाइनिकोलो शनिवारी दुपारी लाटसाहेब व्हायचा. सोमवार ते शुक्रवार तो मांस कारखान्यात मेंढ्यांची हाडं सोडवायचा आणि रविवारी चर्चमध्ये खर्जात गायचा. पण दक्षिण ऑकलंडमध्ये त्याला ओळखायचे ते लाटसाहेब म्हणूनच.

आमच्या कुस्त्या शाळांच्या हॉलमध्ये व्हायच्या. कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असायचं, पण आपटणं खरं असायचं. जिंकणारा मी. तामाती, इथला मूळचा माओरी, पोटासाठी बस चालवणारा. हरणारा तो. एकोणीस वर्षं आमची जोडी टिकली आणि त्यात तो एकदाही जिंकला नाही.

लाटसाहेबाचं सोंग त्याच्याच डोक्यातून निघालेलं. त्याच्या बायकोनं, लविनियानं, मेंढीच्या लोकरीचा पांढरा टोप शिवून दिला होता. सव्वाशे किलोचा हा टोंगन माणूस तो टोप आणि लाल कोट घालून रिंगमध्ये यायचा, जाहीरनाम्याची गुंडाळी उलगडायचा आणि नाकातून वाचायचा, "आजपासून हा हॉल राणीचा. तुम्ही बसलाय त्या खुर्च्या राणीच्या. आणि मागं त्या बाई सॉसेज भाजतायत ना, तेही राणीचं." सॉसेजपर्यंत आला की हॉल पेटायचा. सामोअन आज्या चपला काढून फेकायच्या. मग मी यायचो, त्याला उलटा उचलायचो आणि पाठीवर आपटायचो. लोक मला डोक्यावर घ्यायचे. कुस्ती संपली की तो चपला गोळा करून जिची तिला नेऊन द्यायचा, आणि आज्या त्याचे गालगुच्चे घ्यायच्या.

त्याचे वडील मात्र कधी आले नाहीत. सोलोमोने म्हातारा चर्चचा कारभारी, ताठ माणूस. पोरगा लोकरीचा टोप घालून मार खातो आणि लोक हसतात, याची त्याला लाज वाटायची. घरात तो विषयच निघत नसे. सोसाया म्हणायचा की त्याला काही वाटत नाही. पण पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर तो दर वेळी कुणाला बसू द्यायचा नाही, हे मी बघत होतो.

मग एका शनिवारी त्यांचे पाद्री आले आणि पोट धरधरून हसले. त्यांनीच म्हाताऱ्याच्या कानावर घातलं असणार. पुढच्या महिन्यात मांगेरेच्या हॉलमध्ये सोलोमोने हजर. चर्चला किंवा मयताला जाताना बांधतात तशी कमरेला विणलेली चटई बांधून, काठी टेकत. सोसायानं पडद्याआडून बघितलं आणि टोप हातात घेऊन नुसता उभा राहिला. "चटई बांधून आलेत रे," एवढंच म्हणाला.

त्या दिवशी त्यानं जाहीरनामा असा वाचला की तसा कधीच वाचला नव्हता. नंतर मी त्याला उलटा उचलला. अशा वेळी हनुवटी छातीला टेकवून ठेवायची, हे पहिल्या दिवशी शिकवतात. त्यानं शेकडो वेळा तसं केलं होतं. या वेळी त्यानं मान वळवली. पहिल्या रांगेकडे. तेवढ्यात मी त्याला सोडला.

तो पडला तो आवाज वेगळा होता.

आमच्यात एक खूण होती. पडलेल्याचा हात धरायचा. तो ठीक असेल तर हळूच दाबतो. मी हात धरला. त्यानं दाबला नाही. मला वाटलं, आज बाप बसलाय म्हणून गडी मन लावून मेल्याचं सोंग करतोय. लोक ओरडत होते, "अजून एक!" मी त्याला उठवला आणि पुन्हा आपटला.

हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही.

सगळ्यात आधी कळलं ते म्हाताऱ्याला. आयुष्यात कधी कुस्ती न बघितलेला माणूस, पण आपलं पोर कसं पडतं ते त्याला ठाऊक होतं. तो काठी टाकून दोरांखालून आत शिरला. लोकांना वाटलं हाही खेळातलाच. हशा पिकला. "हाण, आजोबा, हाण लाटसाहेबाला!" असं ओरडू लागले. म्हाताऱ्यानं गुडघे टेकले, टोप काढला, आणि पोराचं डोकं दोन्ही हातांत स्थिर धरून टोंगन भाषेत काहीतरी पुटपुटत राहिला. टाळ्या थांबायला बराच वेळ लागला.

दवाखान्यात मी चौथ्या दिवशी गेलो. त्याआधी हिंमत झाली नाही. गळ्याला पट्टा, छताकडे नजर. मी कसंबसं म्हणालो, "तू हात दाबला नाहीस, सोसाया."

"दाबला होता," तो म्हणाला. "मला वाटलं, दाबला."

सहा महिन्यांनी तो चालू लागला, पण डाव्या हाताची बोटं मिटेनात. हाडं धरून सुरी चालवता येईना म्हणून कारखाना सुटला. आता तो सकाळ-दुपार शाळेसमोर 'थांबा'ची पाटी धरून मुलांना रस्ता ओलांडून देतो. जुने लोक ओळखतात, म्हणतात, लाटसाहेब, एकदा तो जाहीरनामा होऊन जाऊ दे. तो म्हणतो, विसरलो. मीही नंतर कुस्तीत फार दिवस टिकलो नाही. ज्याचा राग यावा असा माणूसच समोर नसला, तर माझ्यासाठी कोण ओरडणार?

त्यानं मान का वळवली, हे मी सोलोमोनेला कधी सांगितलं नाही. एकदा तो माझ्या बसमध्ये चढला आणि शेवटच्या थांब्यापर्यंत उतरलाच नाही. बस रिकामी झाल्यावर पुढं आला.

"तो चांगला होता का?" त्यानं विचारलं.

"आमच्यात सगळ्यात चांगला, काका."

"मग जिंकत का नव्हता?"

मी सांगत बसलो की आमच्या धंद्यात हरणाराच कुस्ती घडवतो, जिंकणाऱ्याला मोठा तोच करतो. म्हातारा ऐकत राहिला.

"म्हणजे इतकी वर्षं तोच तुला उचलत होता," तो म्हणाला. मग उतरता उतरता, "मी विचारलं म्हणून त्याला सांगू नकोस."

मी शब्द पाळला. नको तिथं पाळला. दोन वर्षांनी म्हातारा गेला. मातीच्या दुसऱ्या दिवशी, मंडपातल्या खुर्च्या आवरताना, मी सोसायाला सगळं सांगितलं. त्यानं हातातली खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला.

"आधी का नाही बोललास?"

लविनिया आतून चहाला हाक मारत होती. तो बसूनच राहिला. मग म्हणाला, "तामाती, त्या दिवशी, मी वाचत होतो तेव्हा, बाबा हसले का? मला टोपामुळे नीट दिसत नव्हतं. म्हणून मी नंतर वळून बघितलं."

मला हो म्हणता आलं असतं. पण इतक्या वर्षांत त्याच्याशी खोटं मी फक्त रिंगमध्येच बोललो होतो.

"मी बघितलं नाही रे," मी म्हणालो. "माझं सगळं लक्ष रिंगमध्ये यायला माझी हाक कधी होते तिकडे होतं."

त्यानं मान हलवली, उठला, आणि आम्ही उरलेल्या खुर्च्या गाडीत चढवल्या.