सासूबाईंचा चुना आणि अतोले

इथे आखातात, नईममध्ये, आमच्या खालच्या मजल्यावर एक मेक्सिकन जोडपं राहतं. नवरा माझ्या नवऱ्याबरोबरच अस्करच्या कारखान्यात कामाला. बायको बाळंत झाली आणि हॉस्पिटलमधून आल्यापासून धड काही खाईना. तिची आई येणार होती, पण तिचंच ऑपरेशन निघालं. मी अळिवाची खीर नेली, डिंकाचे लाडू नेले. बिचारी थँक्यू म्हणायची आणि डबा तसाच पडून राहायचा. तिला हवं होतं अतोले. मक्याची गरम, गोड पेज म्हणा ना. त्यांच्याकडे बाळंतिणीला तीच देतात.

एवढंच ना, म्हटलं. मक्याचं पीठ, दूध, गूळ, दालचिनी, की झालं. झालं कसलं डोंबल! आधी गुठळ्या झाल्या, मग बुडाला लागलं. शेवटी छान उतरलं, तर तिनं एक घोट घेतला, हसली आणि कप बाजूला ठेवला. अस्सा राग आला मला! माझ्या हातचं कोणी टाकत नाही हो. पण बाळ रडत होतं आणि तीही रडायच्या बेतात होती, म्हणून मी बाळालाच उचलून घेतलं.

मग तिनं आईला व्हिडिओ कॉल लावला. आई म्हणे, पीठ चालायचंच नाही. अख्खे दाणे चुन्यात उकळायचे, रात्रभर ठेवायचे, धुवायचे आणि मग वाटायचे. चुन्यात? भिंतीला लावतात त्या? वर येऊन मी तावातावानं हे सांगत होते, तेव्हा सासूबाई पान लावत बसल्या होत्या. चिपळूणहून आल्यापासून त्या पानावरून आमचं रोज वाजायचं. मान वर न करता त्यांनी चुन्याची डबी माझ्याकडे सरकवली.

"मी जन्मभर खातेय. मेले का?"

चुन्यात मका उकळताना पाणी पिवळंधमक झालं, सालं सुटली आणि घरभर भाकरीसारखा खमंग वास पसरला. सकाळी दाणे चोळून, धुवून मिक्सरला लावले, गाळून घेतले. पुढे मात्र सासूबाईंनी मला हात लावू दिला नाही. स्टूल ओढून बसल्या आणि ढवळत राहिल्या. दूध फाटू नये म्हणून गूळ गॅस बंद केल्यावरच घातला.

आम्ही दोघी खाली घेऊन गेलो. तिनं पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि कप रिकामा करूनच खाली ठेवला. मग पुन्हा पुढे केला. मला तर हुश्श झालं.

तिनं लगेच आईला फोन लावून रिकामा कप दाखवला. तिकडे आई रडायला लागली, मग काहीतरी विचारलं. मुलीनं मला इंग्रजीत सांगितलं, मी सासूबाईंना मराठीत: या बाई तिथे कधीपर्यंत आहेत?

सासूबाईंचं परतीचं तिकीट शनिवारचं होतं. इथं त्यांचं मन रमत नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, मीही शनिवारची वाट बघत होते. बाळ त्यांच्या मांडीवर होतं. त्या फोनकडे बघून थेट मराठीतच म्हणाल्या, "सव्वा महिना होईपर्यंत मी आहे. काळजी करू नका."

हे इंग्रजीत सांगून मी शनिवारचं तिकीट पुढे ढकलायला फोन हातात घेतला.