पायरीवरची बाई

रंभाजीचा कशावरच विश्वास नव्हता. नागापूरच्या कारखान्यात तो पत्र्याच्या कपाटांना रंग मारायचा आणि सुट्टीला पुणतांब्याला आला की वाण्याच्या तराजूपासून एसटीच्या वेळेपर्यंत सगळ्यावर शंका घ्यायचा. माझ्या व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात येऊन माझ्यावरही घ्यायचा. मला राग यायचा, पण माणूस आवडायचा. मी तरी कुठे फार वेगळा होतो?

विश्वास होता तो फक्त एका कॅसेटवर. आम्ही दोघं अंगावर पीत होतो त्या काळात कुणा कंपनीनं आमच्या गोदावरीच्या घाटावर सिनेमाचं शूटिंग केलं होतं. गर्दीला गावातल्याच बायका घेतल्या होत्या. त्यात रंभाजीची आई भागिरथी होती, असं त्याला कडूबाई मावशीनं सांगितलेलं. पुढं लवकरच आई गेली. तिचा फोटो एकही नाही. बौद्धवाडीत तेव्हा फोटो काढायला कोण येणार? म्हणून तो दुकानात यायचा, तो सिनेमा लावायला सांगायचा आणि घाट आला की म्हणायचा, “थांबवा.”

पायऱ्यांवर घागर घेऊन एक बाई बसलेली, तोंड कॅमेऱ्याकडे. तोंड म्हणजे काय, एक पांढरा डाग. कॅसेट कॉपीची कॉपी होती, थांबवली की नेमके चेहऱ्यावरून पट्टे धावायचे. रंभाजी त्या डागाला हात जोडायचा आणि निघून जायचा. गावातले काहीजण माघारी हसायचे. ह्याची आई, आणि घाटाच्या पायरीवर? त्या काळात? शंका मलाही होतीच. तोंडावर बोललो नाही, एवढंच.

नव्व्याण्णव साली तोच सिनेमा व्हीसीडीवर आला. वेष्टनावर छापलं होतं की जुनी प्रिंट साफ करून नव्यासारखी केली आहे. मी श्रीरामपूरहून ती आणली आणि रंभाजीला निरोप धाडला. वाटलं, खूश होईल. कसला खूश! चकती उलटीपालटी करत बसला.

“साफ केली म्हंजी काय केलं?”

“ओरखडे काढले. डाग पुसले.”

“डाग कोन्ता आन मानूस कोन्तं, ह्ये त्यांना कसं कळलं?”

खरं सांगायचं तर असल्या वेष्टनांवर माझाही भरवसा नव्हता. ‘नवी कोरी प्रिंट’ म्हणून घेतलेल्या कितीतरी कॅसेटींत मुंग्यांशिवाय काही दिसलं नव्हतं. पण रंभाजीची भीती वेगळी होती. पुसताना आईच पुसली गेली असली तर? आणि चेहरा स्वच्छ निघाला, तरी तो तिचाच हे ओळखणार कसा? तिचं तोंड त्याला आठवतच नव्हतं.

“मावशीला आनतो,” तो म्हणाला. “तिच्याबिगर लावायची न्हाई.” आणि मी आधी बघू नये म्हणून चकती खिशात घालून गेला. एवढा माझ्यावर भरवसा!

कडूबाई कर्जतला दिलेल्या. पुढच्या सुट्टीला तो त्यांना घेऊन आला. मी खुर्ची पुढं केली, तर साठीकडे झुकलेल्या त्या बाईंनी आधी खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग जपून टेकल्या.

चित्र आलं आणि मी सावरून बसलो. काही हललं की चौकोन पडत होते, पण एरवी घाटाचा दगडन् दगड वेगळा दिसत होता. रंभाजी म्हणाला, “थांबवा.” पायरीवरची बाई आता डाग नव्हती. नाकात नथ, कपाळावर आडवं कुंकू, हनुवटीवर गोंदण.

“ही भागिरथी न्हवं,” कडूबाई म्हणाल्या.

“नाही,” मी म्हणालो. “ही माझी आई आहे.”

रंभाजी ताडकन उठला. “बदललं! मी म्हनलं न्हवतं? साफ करताना माझी आई काढली आन दुसरी बसवली!”

“बस खाली,” कडूबाई म्हणाल्या. “पायरीवर आधी आमीच हुतो. शूटिंगवाल्यांनी बसवलं, त्यांना काय ठावं? मग गावातली मानसं आली. आमाला उठवलं, पायऱ्या धुतल्या आन ह्यांच्यातल्या बाया बसवल्या.”

“मला कधी बोलली न्हाईस.”

“काय सांगायचं त्यात?”

मी मान वर केली नाही. आई असताना घरात त्या सिनेमाचा विषय निघाला की ती उठून आत जायची. मी समजायचो, लाजते. धुतलेल्या पायरीवर ती बसली होती याची मला लाज वाटली, आणि पाठोपाठ राग आला. कुणाकुणाचा, ते सांगत बसत नाही.

कडूबाई टीव्हीपाशी सरकल्या. उजव्या कडेला, पायऱ्या संपून वाळू लागते तिथं, कॅसेटवर नुसता काळोख असायचा. त्या काळोखातून आता माणसं निघाली होती, बारीक बारीक, उभी. त्यांनी काचेवर बोट ठेवलं. “ही परकरातली मी. आन माझ्या शेजारी भागिरथी.”

रंभाजी जागचा हलला नाही. “कशावरनं?”

“माझं तोंड मला वळखू येत न्हाई व्हय? आन तिच्या कडंवर कोन हाय, त्ये बघ.”

किडकिडीत बाई. कडेवरच्या पोराची मान तिच्या खांद्यावर पडलेली. रंभाजी गुडघ्यांवर बसला आणि काचेला नाक लागेल इतका जवळ गेला. तिथून नुसते ठिपकेच दिसत असणार, तरी तो बराच वेळ बघत राहिला.

“मावशे, मी रडतुय का गं त्यात?”

“न्हाई रं,” कडूबाई म्हणाल्या. “निजलायस.”