आयच्या घरचं रगत

माझ्या सासूच्या उजव्या अंगठ्याला तीन पेरं होती. बोटासारखा लांब अंगठा. सगळं शिरवणे गाव तिला आय म्हनायचं. खाडीतली कालवं फोडायला बसली की त्या अंगठ्यानं असं मांस काढायची, बाकीच्या बाया बघतच राहायच्या. "देवानं मना एक पेर जास्त दिलंय," बोलायची, "तुमी काय करनार!"

लग्न म्हनजे तर आयच. आमच्यात लग्नाचे धवले गानारी धवलारीन लागते, ती हीच. हळद कुटायच्या दिवशी ती घरातल्या मेलेल्यांना नावानं आवतन द्यायची, या, लग्नाला या. टॉवरमधल्या परक्या बायापन ग्यालरीत येऊन ऐकायच्या. मी शाळा बघितली नाही. जे शिकली ते तिच्या पाठी बसून.

पाठी, कारन हळदीला हात लावायची मला बंदी होती. माझे पहिले दोन मुलगे वर्षाच्या आत गेले. पांढरे फटक, अंगात रगतच बनेना. आय हळद कुटताना सगळ्या बायांसमोर बोलली, "हिचं रगत फिकं. हिचा हात नको." तिसरा जगला, तरी बंदी तशीच. मला ताप आला तेव्हा मांडीवर घेऊन पेज पाजली तीपन हीच बाई, खोटं कशाला बोलू. मी रडली नाही. मासे विकले, पोर मोठं केलं. पन ते बोलनं सुकटीसारखं वाळवून ठेवलं.

मग मुलाला मुलगी झाली. तीपन तशीच पांढरी. आय माझ्या सुनेला बोलली, "सासूच्याच वळनावर गेली ही." सून आत जाऊन रडली. तेव्हा ठरवलं, आता आयला सोडायची नाही.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीनबाईनं आय सोडून आमची सगळ्यांची रगतं तपासली. "आजी, अंगात प्रोटीन बनवायचे बारीक कारखाने असतात. त्या कारखान्याचा एक भाग ज्या जीनवरून बनतो, ते बिघडलंय. आरपीएस एकोणीस त्याचं नाव." दुश्मनाचं नाव ध्यानात ठेवावं तसं मी ते पाठ केलं.

"माझ्याकडनं आलं?"

"नाही, तुमचं चांगलं आहे. मुलाला त्याच्या वडलांकडून आलंय. कोणाला मोठा त्रास होतो, कोणाला नुसती खूण असते. घरात कोणाचा अंगठा वेगळा आहे का?"

मी हसली. किती वर्षांनी.

पनतीसाठी पायजे बोलल्यावर आयनं मुकाट सुईपुढं हात धरला. तिच्यातपन तेच निघालं. घरी सांगितलं नाही मी. पुतन्याच्या लग्नात, हळद कुटायला बाया जमल्या, तेव्हा बोलली, "आय, रोग तुझ्या रगतातनं आलाय. माझं चांगलं हाय."

मुसळं थांबली. आय बोलली, "मंग? मी काय मुद्दाम दिलं काय गो?"

"मी तरी मुद्दाम दिलं होतं काय?"

जाऊ बोलली, "सोड ना गो, म्हातारी हाय ती."

"मी काय तरनी हाय?"

आयनं मुसळ माझ्याकडं केलं. "धर."

मी हात लावला नाही. "आधी माझ्या दोन पोरांना आवतन दे. कधी दिलं नाहीस."

तिनं गळा साफ केला. मग हळूच विचारलं, "नावं काय गो होती त्यांची?"

तिला नावंपन ठावं नव्हती. मी सगळ्यांसमोर सांगितली. जनू. हिरू. ती गायली. आवाज फाटला, तरी थांबू दिली नाही. परत गायला लावली.

आय गेली त्याला आता बरेच दिवस झाले. धवले मी गाते, तिच्याच चालीत, दुसरी मला येत नाही. आवतनाला जनू, हिरू पहिले. आय सगळ्यांच्या शेवटी, दम उरला तर. परवा सून कानात बोलली, "आई, आजींचं नाव राहिलं."

"ठावं हाय," मी बोलली. "थांबू दे तिला जरा मांडवाबाहेर."