खळकाकांचा फळा

आमच्या कॉलेजचा जुना सूचनाफलक भिंतीवरून उतरवायला परवा दोन रंगारी आले, आणि आणखी दोघांना बोलवायला परत गेले. फळा साधाच, लाकडी, दाराएवढा. पण त्याच्यावर कागदावर कागद चिकटून चार बोटं जाडीचा थर बसला होता. त्यांच्या मुकादमानं मला विचारलं, "मॅडम, यात दगड भरलेत का?" मी म्हटलं, "दगड नाहीत, खळकाका आहेत." तो आपल्या माणसांकडे वळला. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईच्या फार नादी लागू नये, असं त्याला वाटलं असावं.

फळा भंगारात जाणार आणि त्या जागी दिव्यांची पळती अक्षरं दाखवणारी पाटी येणार, असं ठरलं होतं. माझा जीव उगाचच खाली-वर व्हायला लागला. मी प्राचार्यांकडून शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली. मला त्यातलं काय हवं होतं, ते मलाही धड ठाऊक नव्हतं.

खळकाका म्हणजे ऑफिसातले हेडक्लार्क. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला माहीत. फळ्यावर टाचण्या लावणं त्यांना मान्य नव्हतं. "टाचणी चोरीला जाते, खळ चोरीला जात नाही," हे त्यांचं म्हणणं. ऑफिसच्या मागच्या खोलीत एक स्टोव्ह, एक काळं पडलेलं पातेलं आणि मैद्याचा डबा असायचा. दर सोमवारी सकाळी काका खळ शिजवायचे. कागदाला किडे लागू नयेत म्हणून आमच्या प्रयोगशाळेतून चिमूटभर मोरचूद मागून न्यायचे, त्यामुळे खळीला फिकट निळी झाक यायची. कागदाच्या चार कोपऱ्यांना एकेक बोट आणि मध्ये एक, अशी पाच बोटं खळ. जास्त नाही, कमी नाही. जुना कागद ते कधीच काढायचे नाहीत, त्याच्यावरच नवा लावायचे. का काढत नाही विचारलं तर म्हणायचे, "काढला तर मी काय सांगितलं होतं ते उद्या मीच नाकारीन. माणसाचा काही भरवसा नाही."

पण काकांचा खरा थाट कागदाच्या तळाशी असायचा. सरकारी मजकूर टाइप करून झाला की खाली निळ्या बॉलपेननं, वळणदार अक्षरात ते एक ओळ लिहायचे. सुरुवात ठरलेली, "साध्या भाषेत". वर लिहिलेलं असायचं, "विहित नमुन्यातील अर्ज विहित मुदतीत सादर न केल्यास होणाऱ्या शैक्षणिक नुकसानीस महाविद्यालय जबाबदार राहणार नाही." आणि खाली, "साध्या भाषेत: शुक्रवारी चारपर्यंत फॉर्म द्या. शनिवारी येऊन रडू नका." वर, "ओळखपत्राशिवाय ग्रंथालयात प्रवेश निषिद्ध." खाली, "साध्या भाषेत: कार्ड आणा. तोंड दाखवून चालणार नाही, लांबून सगळ्यांची सारखीच दिसतात." वरचा मजकूर आमच्यापैकी कुणीही कधी वाचला नाही. सरळ खाली नजर, ओळ वाचायची, हसायचं आणि कामाला लागायचं.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा साथ आली आणि कॉलेजला कुलूप लागलं. जवळजवळ वर्षभर मी घरी, आईच्या शिवणयंत्राशेजारी फोन उभा करून शिकत होते. बाबांचं काम सुटलं होतं. ते मला बोलले काही नाहीत, पण एक दिवस जेवताना म्हणाले, "हे एक वर्ष पुरं कर. बुडालं तर पुढचं मात्र मला जमणार नाही. मामा कापडाच्या दुकानात घेतो म्हणालाय." मामाच्या दुकानात कापड फाडायला माझी हरकत नव्हती. पण मला प्रयोगशाळा हवी होती, आणि ती हवी असणं हा काही गुन्हा नव्हता.

मग बातमी आली की शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा कॉलेजातच होणार. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी नियम आले आणि दर आठवड्याला बदलू लागले. आधी चौदा दिवस वेगळं राहायचं, मग दहा, मग रिपोर्ट असेल तर सात आणि नसेल तर पुन्हा चौदा. ओसाड कॉलेजात काका एकटे येत, तोंडाला मास्क लावून खळ शिजवत, प्रत्येक परिपत्रक फळ्यावर लावत आणि त्याचा फोटो काढून आम्हाला पाठवत. कॉलेजात चिटपाखरू नव्हतं, तरी फळा चुकला नाही.

शेवटच्या परिपत्रकात लिहिलं होतं की चाचणीचा नमुना दिल्यापासून बहात्तर तासांच्या आत वसतिगृहात पोचलं पाहिजे. काकांनी खाली लिहिलं, "साध्या भाषेत: रिपोर्ट हातात आल्यापासून तीन दिवसांत या. सात दिवस खोलीत बसा. मग परीक्षा."

मी सवयीप्रमाणे खालचीच ओळ वाचली. नमुना सोमवारी सकाळी दहाला दिला, रिपोर्ट मंगळवारी संध्याकाळी हातात आला. बुधवारच्या गाडीत जागा होती. आई म्हणाली, "शुक्रवारपर्यंत चालतं ना? मग एक दिवस राहा की." मी राहिले. गुरुवारी दुपारी चार वाजता वसतिगृहाच्या फाटकाशी बॅग टेकवली. टेबलाशी बसलेल्या नर्सबाईंनी रिपोर्टवरची वेळ पाहिली, बोटांवर तास मोजले आणि म्हणाल्या, "सहा तास उशीर झालाय तुम्हाला. चौदा दिवस."

परीक्षा दहाव्या दिवशी होती.

मी फोन काढून त्यांना काकांची ओळ दाखवली. "अहो ताई, हे कुणीतरी हातानं लिहिलंय," त्या म्हणाल्या, "नियम वर छापलाय." खरंच छापला होता, स्वच्छ आणि ठळक.

मला तळमजल्यावरची मागची खोली मिळाली. एक खाट, एक टेबल, एक बादली. खिडकीबाहेर कपडे वाळत घालायच्या तारा आणि एक गळका नळ. जेवणाचा डबा दाराबाहेर ठेवून सेविका दोनदा टकटक करायची आणि तिची पावलं लांब गेल्यावर मी दार उघडायचे. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता काका खिडकीशी आले. खिडकीपासून दोन मीटरवर फरशीवर खडूनं रेघ मारलेली होती, तिच्या पलीकडे बरोबर बूट जुळवून उभे राहिले. मास्कच्या वर चष्मा, चष्म्यावर वाफ.

मला काय बोलावं नि काय नाही, भान राहिलं नाही. "तुमच्या साध्या भाषेनं माझं वर्ष गिळलं, काका! येत नाही तर लिहिता कशाला? सगळ्यांना हसवायची हौस, बाकी काय!" असं मी ओरडले. माझ्या आजोबांच्या वयाचा माणूस. आजही ते शब्द आठवले की जीभ चावावीशी वाटते.

काकांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "रिपोर्ट जरा काचेला लावून धर." मी धरला. त्यांनी रेघेपलीकडूनच वाकून, डोळे बारीक करून वेळ वाचली आणि हाताच्या तळव्यावर लिहून घेतली. "बघतो," म्हणाले आणि गेले.

त्यानंतर ते रोज अकराला यायचे. मी खिडकीकडे पाठ करून बसायचे. ते माझ्या पाठीला त्या दिवसाचा नियम वाचून दाखवायचे आणि जायचे. तिसऱ्या दिवशी खिडकीच्या कठड्यावर माझं जर्नल ठेवलेलं होतं, वर्षभर प्रयोगशाळेच्या कपाटात अडकलेलं. सगळी कुलपं उघडून त्यांनी ते शोधून आणलं होतं. मी ते आत घेतलं, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो आणि तिथून तो लवकर उतरत नाही, असं आई म्हणते.

चौथ्या दिवशी नियम वाचून झाल्यावरही काका गेले नाहीत. माझ्या पाठीलाच म्हणाले, "मी सतरा वर्षांचा होतो तेव्हा याच कॉलेजात प्रवेशाला आलो होतो. फळ्यावर कागद होता. त्यात दाखला 'साक्षांकित' करून आणा म्हणून लिहिलं होतं. म्हणजे काय ते मला कळेना. विचारायची लाज वाटली. गावी जाऊन मास्तरांना विचारलं, सही-शिक्का घेऊन दोन दिवसांनी परत आलो, तर खिडकी बंद. पुढं तिथंच शिपाई म्हणून लागलो. फळ्यावर लिहायची खोड तेव्हापासूनची." मग म्हणाले, "मी कुणाला बाहेर ठेवण्यासाठी लिहीत नव्हतो गं."

मी वळून पाहायला हवं होतं. नाही पाहिलं.

सहाव्या दिवशी नर्सबाई पुन्हा नमुना घेऊन गेल्या. आठव्या दिवशी दाराखालून पत्र आलं. रिपोर्ट चांगला आहे, आणि प्राचार्यांनी विशेष बाब म्हणून मला वेगळ्या खोलीत एकटीला प्रात्यक्षिक द्यायला परवानगी दिली आहे. मी खाटेवर उभी राहून नाचले. परीक्षा दिली. ब्युरेटमधला थेंब अगदी हवा तिथं थांबला. प्राचार्यांना मी दोन पानी आभाराचं पत्र लिहिलं. खळकाकांना काही लिहिलं नाही. आपली चूक निस्तरली गेली म्हणून म्हातारा सुटला, एवढंच माझ्या मनात होतं.

त्यानंतरच्या सूचनांचे फोटो येत राहिले, पण खालची ओळ बंद झाली. नुसता छापील मजकूर. माझं बोलणं काकांना लागलं आणि ते रुसून बसले, असं मी धरून चालले. चार महिन्यांनी ते निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला नाही. साथीचे दिवस, कोण जमणार, असं सगळेच म्हणाले. ते लेकाकडे राहायला गेले. मी पुढे शिकले आणि गेल्या वर्षी याच कॉलेजात शिकवायला लागले. ऑफिसात काकांचा नंबर होता. आज करू, उद्या करू म्हणत वर्ष गेलं.

तर शनिवारी सकाळी मी प्रयोगशाळेतली किटली आणि एक बोथट सुरी घेऊन फळ्यापुढे स्टूल टाकलं. वरचे टाचण्यांचे कागद पटापट निघाले. मग काकांचे सुरू झाले. कोपऱ्याला वाफ द्यायची, सुरीचं टोक सरकवायचं, की पाचही बोटं सुटायची. पाठीमागे निळसर ठसे तसेच. खळीचा तो आंबूस वास आला आणि मला माझं पहिलं वर्ष आठवलं. फळ्यापुढची गर्दी, एकमेकींच्या खांद्यावरून डोकावणं, मागून कुणीतरी ओरडायचं, "खालचं वाच, खालचं!" त्या गर्दीसाठी आजही जीव तुटतो.

छापील, ओळ नसलेले कागद निघाले. रुसव्याचे, मी मनात म्हटलं. त्यांच्याखाली एक वेगळाच कागद होता. तो परिपत्रक नव्हता. कॉलेजच्या शिक्क्याचं पत्र होतं, खुद्द हेडक्लार्कना लिहिलेलं.

त्यात लिहिलं होतं की आपण अधिकृत परिपत्रकाखाली अनधिकृत मजकूर लिहून एका विद्यार्थिनीची दिशाभूल केल्याचं आपण स्वतः लेखी कबूल केलं आहे. आपल्या विनंतीनुसार सदर विद्यार्थिनीस निर्दोष धरून परीक्षेस बसण्याची परवानगी देण्यात येत आहे. आपल्या सेवापुस्तकात ताकिदीची नोंद घेण्यात येत असून आपला निरोप समारंभ होणार नाही. यापुढे कोणत्याही सूचनेवर आपण हस्ताक्षरात काहीही लिहू नये.

आणि त्याच्याखाली, निळ्या बॉलपेननं, तेच वळण:

"साध्या भाषेत: चूक माझी. मुलगी वेळेत आली होती."

किटली किती वेळ उकळत होती कोण जाणे. मी स्टुलावर बसून राहिले. मग ऑफिसातून नंबर घेतला आणि तिथंच उभी राहून फोन लावला. काकांचा आवाज बारीक झाला होता, पण मी वसतिगृहातली मागची खोली म्हटल्याबरोबर त्यांनी ओळखलं.

"काका, ते पत्र तुम्ही फळ्यावर का लावलंत? कॉलेजात तर कुणीच नव्हतं."

"अगं, विद्यार्थ्याच्या कामाचा कागद होता तो. फळ्यावर नाही लावायचा तर काय खिशात घालून हिंडायचं?"

"लिहू नका म्हणून सांगितलं होतं ना त्यात? तरी खाली लिहिलंत?"

"यापुढे लिहू नये म्हटलं होतं. तो कागद यापुढचा कुठं होता?" काका हसले. मग हलकेच विचारलं, "वाचलास का तू?"

"आज वाचला. फार उशीर झाला, काका. मी तुम्हाला त्या दिवशी जे बोलले..." काकांनी मला पुढं बोलू दिलं नाही.

"आज वार कोणता गं?"

"शनिवार."

"मग? काय लिहायचो मी?"

"येऊन रडू नका," मी कसंबसं म्हटलं, आणि फळ्यापुढे उभी राहून रडले.